चिखलदऱ्याच्या रिसॉर्टवर मृत्यू, आणि गावच्या शिपायाला काय करता येतं

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डिसेंबरात नागपूरहून आठ जण चिखलदऱ्याला येतात, दोन रात्री रिसॉर्टवर राहतात. रविवारी सकाळी त्यातला एक आपल्या खोलीत मेलेला सापडतो. गावचा पोलीस शिपाई तपास करतो, तीन दिवसांनी उरलेल्या सातही जणांना हॉलमध्ये बसवतो आणि खुन्याकडे बोट दाखवतो. हे वाचकाला पटेल का, आणि शिपायाला खरोखर काय काय करता येतं?

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधली अकरा वर्षं मेळघाटात गेली. आधी वाईट बातमी सांगतो. खुनाचा तपास शिपायाकडे नसतो. तो ठाणेदार करतो किंवा त्यानं नेमलेला अधिकारी करतो, आणि मागोमाग जिल्ह्याहून स्थानिक गुन्हे शाखेचं पथक येतं. लोक तिला एलसीबीच म्हणतात. शिवाय तुम्ही शिपायाच्या खांद्यावर दोन तारे लावलेत, ते काढा. दोन तारे म्हणजे फौजदार. शिपायाला तारा नसतो.

पण यानं तुमची गोष्ट मोडत नाही. खुनाचा तपास सुरू व्हायच्या आधी काही तास असे असतात की तो खून आहे हेच कोणी म्हटलेलं नसतं. ते तास शिपायाचे आणि बीट हवालदाराचे. तुमची कादंबरी तिथेच बसवा.

माणूस खोलीत मेलेला सापडला की ठाण्यात लगेच खुनाचा गुन्हा दाखल होत नाही. मर्ग दाखल होतो. पुण्या-मुंबईकडे त्याला अकस्मात मृत्यू म्हणतात, आपल्याकडे मर्ग. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194. गोष्ट 1 जुलै 2024 च्या आधी घडत असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 174 लिहा, आणि खुनाला नव्या भारतीय न्याय संहितेच्या 103 ऐवजी जुन्या भारतीय दंड संहितेचं 302. मर्गची खबर तालुक्याच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याला जाते. ठाण्यातून कोणीतरी जागेवर जातं, आसपासचे किमान दोन प्रतिष्ठित पंच घेतं, प्रेताचा पंचनामा करतं आणि प्रेत डॉक्टरकडे पाठवतं. पंचनाम्यात डोकं कोणत्या दिशेला, डोळे उघडे की मिटलेले, मुठी कशा, अंगावर कपडे-दागिने काय, जखम आहे का, असं सगळं. बहुतेक मर्ग शेवटपर्यंत मर्गच राहतात. साप, वीज, विहीर, दारू, फवारणीचं औषध.

आता खरी गोम इथे आहे. नव्या कायद्यानं सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जागेवर यावं असं ठरवलं आहे. झडती-जप्तीचं चित्रीकरणही करायचं असतं, त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं ॲप आलं आहे. पण ही सगळी यंत्रणा हलते ती कागदावर गुन्हा आल्यावर. मर्ग असेल तर फॉरेन्सिकची गाडी निघेलच असं नाही. खोलीला सील लागेलच असं नाही. दुपारपर्यंत चादरी धुवायला जातात आणि संध्याकाळी त्या खोलीत अकोल्याचं दुसरं कुटुंब उतरलेलं असतं. म्हणून तुमच्या शिपायाचं खरं काम खुनी शोधायचं नाही. ‘हा मर्ग नाही’ हे वेळेत, आणि ऐकून घेईल अशा माणसाला सांगणं, हे त्याचं काम.

तुम्ही चिखलदराच निवडलात म्हणून सांगतो. या गावाच्या नावामागेच एक असा मर्ग आहे. चिखलदरा म्हणजे मूळचा कीचकदरा, अशी इकडची आख्यायिका. वेषांतर करून राहिलेल्या बाहेरगावच्या मंडळींपैकी एकानं रात्री कीचकाला मारलं, दरीत टाकलं आणि भीमकुंडात हात धुतले. महाभारतात दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी काय कारण मानलं? सैरंध्रीच्या गंधर्वांनी मारलं. झालं, पुढे चौकशी नाही. प्रत्येक ठाण्याचे आपापले गंधर्व असतात. मैदानात ते ‘औषध’, डोंगरावर ‘सेल्फी काढताना पाय घसरला’, आणि पन्नाशीच्या पाहुण्याच्या बाबतीत ‘हार्ट अटॅक’. तुमचा खुनी हुशार असेल तर तो खून लपवायच्या भानगडीत पडणार नाही. ठाण्याला सवयीचा असलेला गंधर्व तो पुढे करेल.

त्यासाठी तुम्हाला एक शब्द देतो, हवा तसा वापरा. औषध.

वऱ्हाडात आणि यवतमाळ-वर्ध्याकडे ‘त्यानं औषध घेतलं’ याचा अर्थ शहरातल्या माणसाला वाटतो तो नाही. कापसावर फवारायचं कीटकनाशक तो प्यायला, असा आहे. गावात गोळीला ‘गोई’ म्हणतात आणि डॉक्टरच्या बाटलीला ‘दवाई’. औषध म्हणजे शेतातलं. आता तुमचा प्रसंग असा लिहून पाहा. रात्री जेवताना बायको सगळ्यांसमोर म्हणते, ‘यांनी औषध घेतलंय, आता झोपू द्या.’ ती रक्तदाबाच्या गोळीबद्दल बोलते आहे. वाढायला उभा असलेला पोरगा खालच्या गावचा आहे, तो ऐकतो. सकाळी दार वाजवून उत्तर येत नाही तेव्हा तोच फोन करतो: ‘साहेब, तीन नंबरवाल्या पाहुण्यानं रात्री औषध घेतलं मने, आता उठूनच नाही राह्यला.’ ठाण्यातला डायरी अंमलदार परतवाड्याकडचा. तो हिरव्या कापडी बांधणीच्या वहीत सरळ लिहितो: विषारी औषध प्राशन केल्याने. एक शब्द दोन माणसांतून गेला आणि आत्महत्या झाली. खोटं कोणीच बोललेलं नाही. खुन्याला फक्त गप्प राहायचं आहे.

तुमचा शिपाई जागेवर पोचतो तेव्हा त्याला काय दिसतं? ज्यानं दहा-पंधरा औषधाची प्रेतं उचलली आहेत त्याला डॉक्टर लागत नाही. खोलीचं दार उघडलं की आधी वास येतो, लसणासारखा उग्र, आणि तो कपड्यांतून दोन दिवस जात नाही. तोंडाला फेस असतो, लाळ उशीवर वाळलेली असते, बहुतेक वेळा ओकारी असते, कपडे खराब झालेले असतात. डोळ्यांच्या बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. इथे त्यातलं काहीच नाही. माणूस शांत झोपल्यासारखा, पांघरूण छातीपर्यंत, खोलीला कसलाही वास नाही. उलट पाठीखाली रक्त साचून जे डाग पडतात ते नेहमीसारखे जांभळट न दिसता लालसर गुलाबी आहेत. नखंही गुलाबी. शिपायाला कार्बन मोनॉक्साइड हा शब्द येत नसेल, पण हिवाळ्यात खिडक्या लावून कोळशाची सिगडी आत घेऊन झोपलेली माणसं त्यानं एकदा पाहिली असतील. मी पाहिली आहेत. बाप आणि दोन मुली, बाहेरगावचे. ते मेल्यासारखे वाटतच नव्हते, आणि मी पांघरूण परत नीट केलं होतं. तो रंग मी विसरलो नाही.

पण खोलीत सिगडी नाही! कोणीतरी पहाटे बाहेर नेली. इथून तुमचं रहस्य सुरू होतं, आणि कॉफीत विष घालण्यापेक्षा ते मला जास्त खरं वाटतं. विष आणावं लागतं, ते कुठून आणलं याची दुकानात नोंद मिळते. 1,118 मीटर उंचीवरच्या गावात डिसेंबरात सिगडी तर हॉटेलवालाच देतो.

सिगडी मोजतो कोण? साहेब लोक मोजत नाहीत, पाहुणे मोजत नाहीत, मॅनेजरही नाही. ज्याच्या पगारातून हरवलेल्या सिगडीचे पैसे कापले जातात तो मोजतो. पाच व्हरांड्यात ठेवल्या होत्या, सकाळी पाचही मिळाल्या, पण एक होती तिथे नव्हती. नळाजवळ होती आणि कोळसे पाणी टाकून विझवलेले होते. ‘आम्ही कधी पाण्यानं विझवत नाही जी, खालचं मातीचं अस्तर फुटते.’ हे वाक्य पोरगा फौजदारासमोर बोलणार नाही. एलसीबीची गाडी आल्यावर तर त्याचं नावसुद्धा त्याला आठवणार नाही. तो बोलेल तुमच्या शिपायाशी, तेही चूल पेटवताना, शिपाई शेजारी बसून काड्या मोडत असेल तर.

इथे भाषा सांभाळा. रिसॉर्टवरची निम्मी माणसं कोरकू असतील. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठी, हिंदी येत असली तरी तिच्यातलं काही कळत नाही आणि गोंडी येणाऱ्यालाही उपयोग नाही. मेळघाटात नेमणूक झालेला मैदानी शिपाई पहिल्या वर्षी ‘पाणी’, ‘भाकर’, ‘कुठं’ इतकंच शिकतो. तिसऱ्या वर्षी त्याला आपल्याविषयी काय बोलताहेत ते कळायला लागतं, आणि शहाणा असेल तर तो कळत नाही असं दाखवतो. तुमच्या शिपायाला एवढंच एक कौशल्य द्या. भिंग, माग काढणारा कुत्रा, असामान्य स्मरणशक्ती, काही देऊ नका. पंच निवडतानाही ही भाषा नडते. पंच आसपासचेच हवेत, म्हणजे रिसॉर्टचा माळी नाहीतर शेजारचा रबडीवाला. पुढे कोर्टात वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की पंचनामा यांना वाचून कोणत्या भाषेत दाखवला? मृताच्या मित्रांना पंच केलंत तर प्रकरण तिथेच संपलं.

गावात पोलीस पाटीलही असतो, त्याला विसरू नका. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला, पगारी पोलीस नाही, मानधनावर. शिपायाच्या बदल्या होतात. पाटील तिथलाच, त्याला कोणाची सून कुठल्या रिसॉर्टवर भांडी घासते हे माहीत असतं. शिपाई आणि पाटील यांचं थोडं वाकडं दाखवा. असतंच.

आता वेळ. तुम्ही तीन दिवस धरलेत, पण सहलीच्या गोष्टीत घड्याळ वेगळं असतं. रविवार, अकरा वाजता चेकआउट. गाड्या काढून ठेवलेल्या आहेत, एकाची सोमवारी सकाळी मीटिंग आहे, एकीच्या मुलाची परीक्षा. मर्गमध्ये तुमचा शिपाई कोणालाही अडवून ठेवू शकत नाही. अटक केल्याशिवाय थांबवून ठेवणं म्हणजे डांबणं, आणि या सातात एखादा वकील नक्की असतो. तो पहिल्या पंधरा मिनिटांत ‘कोणत्या कलमाखाली?’ असं विचारतो. हे विचारणारा खुनी नसतो, हे अनुभवानं सांगतो. खुनी मदत करतो. तो ॲम्ब्युलन्सला फोन लावतो, बायकोला पाणी देतो, ‘हवालदारसाहेब, तुम्ही बसा’ म्हणतो. शिपाई असो की फौजदार, पर्यटकाच्या लेखी सगळेच हवालदार.

अडवता येत नसलं तरी उशीर करता येतो. हे आमचं जुनं शास्त्र. प्रत्येकाचं बयान हातानं लिहायचं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वय, धंदा, पत्ता, मोबाईल. ओळखपत्राची झेरॉक्स, आणि झेरॉक्सवाल्याकडे लाइट नाही. घाटात प्रेताच्या गाडीला आधी जाऊ द्या, धुकं आहे. यातलं काहीच बेकायदेशीर नाही. पोलीस नोटीस देऊन साक्षीदाराला बोलावू शकतात, पण तेही आपल्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्याला. स्त्रियांना आणि साठीच्या वरच्यांना तर घरीच जाऊन विचारावं लागतं. म्हणजे गाड्या एकदा घाट उतरून परतवाडा ओलांडून गेल्या की तुमचा शिपाई संपला. संशयित बाई असेल तर आणखी एक घड्याळ लावा: सूर्य मावळल्यावर महिलेला अटक करायची तर महिला अधिकारी हवी आणि दंडाधिकाऱ्याची लेखी परवानगी. डिसेंबरात चिखलदऱ्याला सहाच्या आधी सूर्य मावळतो.

मोबाईल टॉवरवर फार विसंबू नका. शहरात सीडीआर, म्हणजे मोबाईल कंपनीकडची कॉलची नोंद, कामाचा असतो. इथे अख्ख्या पठारावर मोजके टॉवर, आठही जण एकाच टॉवरखाली. कोण कोणाच्या खोलीत गेलं हे टॉवर सांगत नाही. रिसॉर्टचा कॅमेरा असेल तर त्याचं घड्याळ चुकलेलं असतं. मी एकही बरोबर पाहिलेलं नाही. हे तुमच्या फायद्याचं आहे. कॅमेऱ्यात कोणी 3 वाजून 10 मिनिटांनी नळाकडे जाताना दिसतो, सगळे त्या वेळेवर वाद घालतात, आणि शिपाई आपल्या मनगटाकडे आणि पडद्याकडे बघून म्हणतो की हे घड्याळ सत्तेचाळीस मिनिटं मागे आहे. फक्त तो फरक पंचनाम्यात लिहून घ्यायला लावा, आणि फुटेजसोबत नव्या साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 चं प्रमाणपत्र. नाहीतर ते फुटेज कोर्टात उभं राहत नाही.

समजा शिपाई ठाणेदाराला पटवू शकला. मग फिर्यादी कोण? हे कुठलाच लेखक विचारत नाही. बायको म्हणते हार्ट अटॅक, मित्र म्हणतात हार्ट अटॅक, मॅनेजरला रिसॉर्टचं नाव खराब व्हायला नको आहे. कोणी फिर्याद देत नसेल तर सरकारतर्फे पोलीसच फिर्यादी होतो, आणि ठाणेदार चटकन म्हणतो, ‘तूच पाह्यलं ना? मंग तूच दे.’ त्या सहीनं दोन गोष्टी होतात. गुन्हा उभा राहतो, फॉरेन्सिकची गाडी निघते, खोली सील होते. आणि तुमचा शिपाई तपासातून बाहेर पडतो. तो आता साक्षीदार. यापुढे एलसीबी त्याला काही सांगणार नाही. मला तरी ही जागा कादंबरीच्या मध्यावर फार चांगली वाटते.

शवविच्छेदनाकडून झटपट उत्तराची अपेक्षा ठेवू नका. डॉक्टर प्राथमिक मत देतो, नाहीतर कारण राखून ठेवतो. रक्त आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. तिथून येणाऱ्या अहवालाला आम्ही सीए रिपोर्ट म्हणतो, आणि तो यायला बराच काळ जातो. रक्तातला वायू तपासायचा असेल तर तसं आधी मागावं लागतं. मर्गच्या कागदावर ‘विषारी औषध’ लिहिलेलं असेल तर प्रयोगशाळा कीटकनाशक शोधेल, सापडणार नाही, आणि अहवाल येईल: विष आढळून आले नाही. पुन्हा तोच शब्द, बघा.

राहिला तुमचा हॉल. सात जण, शेकोटी, शिपाई बोट दाखवतो, खुनी रडत कबूल करतो. वाचायला बरं आहे, पण पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आता साक्ष्य अधिनियमाचं कलम 23, आधी 25 आणि 26. शिपाई त्या खोलीत उभा आहे म्हणूनच ती कबुली वाया जाते. तिला दोन वाटा आहेत. एक, आरोपी अटकेत असताना सांगतो की अमुक जागी अमुक वस्तू टाकली आणि ती त्याप्रमाणे निघते. मग तेवढा भाग चालतो. पंचांसमोर निवेदन लिहायचं, आरोपीला पुढे चालू द्यायचं, त्यानं थांब म्हटलं तिथे थांबायचं. म्हणून तुमचा शेवट हॉलमध्ये ठेवू नका, पहाटेच्या धुक्यात भीमकुंडाच्या वाटेवर ठेवा. हातकडी घातलेला माणूस पुढे, मागे दोन गारठलेले पंच, आणि झुडपात टाकलेला टॉवेल, त्या रात्री खोलीच्या झरोक्यात कोंबलेला, ज्यावर रिसॉर्टचं नाव छापलेलं आहे.

दुसरी वाट जास्त नाजूक आहे. पोलीस नसलेल्या माणसाजवळ स्वतःहून केलेली कबुली कोर्ट ऐकतं. पुरावा म्हणून ती कमजोर, पण ऐकतं. समजा खुन्याला त्या सिगडीवाल्या पोराशी बोलायचं आहे, कदाचित पैसे द्यायचे आहेत. शिपायाला हे दिसतं. तो तिथे थांबला तर सगळं गेलं. अशा वेळी तो उठतो आणि म्हणतो, ‘मी जरा चहा पिऊन येतो.’ पुढे उलटतपासणीत वकील विचारेल की तुम्ही नेमके तेव्हाच चहाला का गेलात, आणि त्याला खरं उत्तर देता येणार नाही. तुमच्या सगळ्या कादंबरीत मला हा प्रसंग आधी वाचायला आवडेल.

खटला उभा राहायला वर्षं जातात. तोवर शिपायाची बदली धारणी नाहीतर दर्यापूरला झालेली असते. समन्स आलं की तो एसटीनं अचलपूरच्या सत्र न्यायालयात येतो. बाहेर बाकावर नागपूरचे पाच-सहा जण बसलेले असतात, आता एकमेकांशी न बोलणारे. त्यातली एक बाई त्याला विचारते, ‘काका, इथे पाणी कुठे मिळेल?’ तो साध्या शर्टात आहे, तिनं ओळखलेलं नाही. तो नळ दाखवतो.